कंपनी फिटिंग आणि बाहेरचं फिटिंग : इटालियन वाहनांचे जोडसामान, तुरीनपासून नगरपर्यंत

कारखान्यातून निघालेली गाडी आणि गिऱ्हाइकाच्या दारात येऊन उभी राहिलेली गाडी सहसा तंतोतंत सारखी नसते. काही गोष्टी गिऱ्हाईक मागणी नोंदवतानाच सांगतो आणि कारखाना त्या बांधणीतच बसवून देतो. काही विक्रेता आपल्या दुकानात चढवतो. उरलेल्या मालक पुढे सवडीने गॅरेजात करून घेतो. महाराष्ट्रात पहिल्या प्रकाराला 'कंपनी फिटिंग' म्हणतात आणि बाकीच्या दोन्हींना मिळून 'बाहेरचं फिटिंग'. इटलीच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या व्यवहारात हा भेद इतका महत्त्वाचा मानला जातो की त्यावरून गाडीची किंमत ठरते. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, इटालियन स्पोर्ट्स कार कधी बनल्या नाहीत. मात्र इटालियन आराखड्याची एक मोपेड तिथे तयार झाली आणि तिच्या अंगावर काय काय चढले याचा इतिहास त्या मोटारींच्या इतिहासाइतकाच सांगण्याजोगा आहे.

इटलीत या प्रथेला खरा जोर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. देश गरीब झाला होता. फियाटच्या छोट्या, साध्या गाड्या घेणेच लोकांना परवडत होते, आणि शर्यतीचे वेड मात्र कमी झालेले नव्हते. कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने नेमकी ही जागा हेरली. तिचे पहिले यश सायलेन्सरचे होते. साध्या फियाटला अबार्थचा सायलेन्सर बसवला की आवाज बदलायचा आणि थोडी ताकदही वाढायची. पुढे फियाट ६०० आणि ५०० साठी कार्ब्युरेटर, पिस्टन आणि इतर भाग असलेले रूपांतराचे संच या कंपनीने विकायला काढले. असा संच पेटीत येई आणि ओळखीच्या मेकॅनिककडून बसवून घेता येई. १९६३ ची अबार्थ ५९५ म्हणजे मुळात फियाट ५०० च होती. ज्याला पूर्ण तयार गाडी परवडत नव्हती, तो तिचे सामान घेऊन आपली गाडी घडवत असे.

एन्रिको नार्दी यांचे लाकडी स्टिअरिंग चाक त्याच काळातले. फेरारीच्या कितीतरी गाड्यांत ते कारखान्यातच बसत असे, तर इतर मोटारींचे मालक ते वेगळे विकत घेऊन लावत. लान्सिया ऑरेलिया ही १९५० च्या दशकातली अतिशय प्रगत गाडी होती, पण सुरुवातीला तिचा गिअरदांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता. वेगाने चालवणाऱ्याला तो गैरसोयीचा वाटे. नार्दीने तो खाली जमिनीवर आणण्याचा संच काढला आणि जोडीला दोन कार्ब्युरेटरांचाही. आज अशी ऑरेलिया विकायला आली की तिच्यावरचे नार्दीचे सामान त्या काळातलेच आहे का, हा पहिला प्रश्न विचारला जातो.

फेरारीची कहाणी निराळी. तिथे गिऱ्हाईक श्रीमंत होते आणि गाड्या मोजक्या निघत. मिलानच्या बोरानी कंपनीची तारांची चाके ही एकेकाळी फेरारीची ओळख होती. १९६४ मध्ये आलेल्या २७५ जीटीबीला मात्र ओतीव मिश्रधातूची चाके नेहमीची म्हणून दिली गेली आणि तारांची चाके जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी राहिली. १९६८ च्या डेटोनाबाबतही तसेच घडले. जे काल सर्वांना मिळत होते ते आज निवडीचे झाले, आणि त्यामुळेच त्याचे मोल वाढले. डिनो २४६ वर डेटोनाच्या धर्तीची आसने आणि रुंद चाके मागवता येत. ती चाके मावण्यासाठी चाकांवरच्या पत्र्याच्या कमानी बाहेर फुगवाव्या लागत. या जोडीची डिनो आज साध्या डिनोपेक्षा बरीच महाग जाते. लॅम्बोर्गिनी काउन्टॅशचा मागचा प्रचंड पंखही मुळात मागणीप्रमाणे मिळणारी वस्तू होती. गाडीचा कमाल वेग तो उलट कमीच करत असे, तरीही पोस्टरवरची काउन्टॅश त्याच्याशिवाय लोकांना अपुरी वाटू लागली.

विक्रेत्याचे वजनही या काळात वाढले. अमेरिकेत इटालियन गाड्या विकणाऱ्या मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहाशिवाय अल्फा रोमिओ जुलिएत्ताची उघडी आवृत्ती निघाली नसती, असे मानले जाते. फेरारीचे अमेरिकेतले विक्रेते लुईजी किनेत्ती यांच्या सांगण्यावरून २७५ ची छप्पर नसलेली आवृत्ती १९६७ मध्ये तयार झाली, आणि तिच्या फक्त १० गाड्या निघाल्या. रेडिओसारख्या वस्तू तर बहुतेक विक्रेत्याच्या दुकानातच बसत. त्यामुळे एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांत वेगवेगळे रेडिओ दिसतात आणि दोन्ही अस्सलच असतात. आता फेरारीने जुन्या गाड्यांची मूळ घडण प्रमाणित करण्यासाठी स्वतःचा वेगळा विभाग चालवला आहे. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यावर काय होते, ते जुन्या नोंदींवरून पडताळले जाते आणि विक्रेत्याने बसवलेले सामान वेगळे मोजले जाते.

महाराष्ट्रात इटालियन मोटारगाडी आली ती कुर्ल्याला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी केली, नंतर छोट्या फियाट ५०० ची, आणि १९५४ पासून फियाट ११०० ची. पुढून गोलसर तोंडाच्या त्या पहिल्या ११०० ला मुंबईत 'डुक्कर फियाट' म्हणत, आणि ते नाव अजून टिकून आहे. याच ११०० ची एक वेगवान आवृत्ती फियाटने इटलीत १९५३ मध्ये काढली होती. साध्या गाडीच्या ३६ अश्वशक्तीच्या जागी तिची ताकद ५० च्या घरात होती आणि पुढच्या जाळीच्या मधोमध तिला तिसरा दिवा होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती आवृत्ती कधीच निघाली नाही. भारतात आलेली फियाट म्हणजे कुटुंबाची गाडी, आणि तीही अगदी साध्या रूपातली.

यामागे कारण होते. परवाना पद्धतीत कारखान्याने किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवी आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाही. १९६९ मध्ये मोटारींच्या किमतीही सरकारने बांधून दिल्या. त्या नियंत्रणाचा वाद प्रीमियरसह मोटार कंपन्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. जी गाडी कशीही विकली जाणार आणि जिची किंमत ठरलेली, तिच्यात जादा वस्तू बसवून देण्यात कारखान्याला काही फायदा नव्हता. मोकळीक होती ती दुकानदाराला. म्हणून सीटचे रेक्झिनचे कव्हर, काचेवरची बाहेरची झापड, बम्परवरचे उभे गार्ड, कुलपाचे पेट्रोलचे झाकण, चमकदार व्हीलकॅप आणि टपावरचा कॅरिअर असे सारे बाहेरून येत राहिले. रेडिओ बसवला तर टपाल खात्याकडून त्याचा वेगळा परवाना घ्यावा लागे. ती पद्धत ऐंशीच्या दशकात बंद झाली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोटारींच्या सामानाची बाजारपेठ वाढत गेली, आणि जुने भाग हवे असतील तर चोर बाजार होताच.

फियाटशी करार संपल्यावर गाडी आधी प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघू लागली. तिचा गिअरदांडाही स्टिअरिंगच्या खांबावर होता आणि पुढे सलग बाकासारखे आसन. ऑरेलियाच्या मालकांनी जे केले तेच पद्मिनीच्या हौशी मालकांनी केले. गॅरेजात दांडा खाली घेतला, बाक काढून सुटी आसने बसवली. अखेरच्या काळातल्या काही पद्मिनींवर कंपनीने स्वतःच ही रचना दिली, तोवर गॅरेजांतून ती पुष्कळ रुळली होती. गॅरेज पुढे आणि कारखाना मागे, हा क्रम या सबंध इतिहासात पुन्हापुन्हा दिसतो. पद्मिनी टॅक्सीचा मीटर बाहेर डाव्या अंगाला आणि सामानाचा कॅरिअर टपावर, हे तिचे रूप तर कारखान्याच्या कोणत्याही चित्रात नव्हते. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. लोकांच्या आठवणीत उरली ती कॅरिअर आणि मीटरवाली पद्मिनी.

नगरचा धागा मोटारीतून नव्हे, तीन चाकांतून सुरू होतो. कुंदनमल सोभाचंद फिरोदिया हे नगरचे नामांकित वकील. मुंबई प्रांताच्या विधानसभेचे ते १९४६ ते १९५२ या काळात अध्यक्ष होते आणि नगरमधली भाऊसाहेब फिरोदिया हायस्कूल ही शाळा त्यांच्या नावाची. त्यांचे पुत्र नवलमल आणि हस्तीमल उद्योगात आले. इटलीत पियाजिओ कंपनीने १९४८ मध्ये स्कूटरच्या बांधणीवर माल वाहणारे तीनचाकी वाहन काढले होते. त्याचे चित्र नवलमल यांच्या पाहण्यात आले. त्या काळी शहरांत माणसे ओढत असलेल्या सायकल रिक्षांना पर्याय हवा होता. माल वाहण्याच्या हौद्याच्या जागी प्रवाशांचे आसन आणि वर हूड बसवले की काम होईल, असे त्यांनी मांडले. त्या काळच्या मुंबई सरकारचे मन वळवावे लागले. पुण्याच्या रस्त्यांवर अशा रिक्षा धावू लागल्या आणि तिथून पुढे देशभर पसरल्या. पियाजिओच्या मूळ वाहनात प्रवासी आसन नव्हते. भारतातल्या ऑटोरिक्षाचा जन्मच अशा रीतीने एका बाहेरच्या फिटिंगमधून झाला, असे म्हणण्यात काही चूक नाही.

हस्तीमल फिरोदिया यांनी उभारलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना बाजारात आणली. तिचा आराखडा पियाजिओच्या 'चाओ' या मोपेडचा होता, आणि तो परवान्याने घेतला होता. चाओ इटलीत १९६७ मध्ये आली होती. दाबून घडवलेल्या पत्र्याची खाली वाकलेली चौकट, तिच्या पोकळीतच पेट्रोलची टाकी, पन्नास सीसीच्या आतले आडवे टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाही, आणि इंजिन वेगळे करून नुसते पायडल मारण्याची सोय. इटलीतल्या शाळकरी मुलांनी आणि कामगारांनी ती उचलून धरली. तिच्या रचनेत एक माणूस गृहीत होता. आसन एकाचे, मागे छोटासा कॅरिअर. वजन इतके हलके की पेट्रोल संपले तरी घरापर्यंत नेता येई.

नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात तयार झालेली लूना ज्या मुलखात उतरली तो मात्र वेगळा होता. ते वर्ष महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाचे. नगर जिल्ह्याला त्याची झळ खूप बसली. पुढच्याच वर्षी जगभर तेलाचे भाव भडकले. स्कूटर घ्यावी तर बजाजसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, मोटारसायकल अधिक पेट्रोल पिई, आणि सायकलवर रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर म्हणजे दमछाक. लूना सहज मिळाली, कमी पेट्रोलमध्ये चालली, आणि गिअर नसल्यामुळे चालवायला शिकायला वेळ लागला नाही. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेचे कर्मचारी, विमा एजंट, दूधवाले, नव्याने नोकरीला लागलेल्या मुली, अशा सगळ्यांनी ती घेतली. पुढच्या काळात 'चल मेरी लूना' ही जाहिरात देशभर पोचली आणि मोपेड म्हणजे लूना असे समीकरण झाले.

आणि मग तिच्यावर सामान चढू लागले. सर्वांत आधी बदलला तो कॅरिअर. इटालियन कॅरिअर एखाद्या दप्तरापुरता होता. नगर जिल्ह्यात त्यावर माणूस बसणार, चाऱ्याचा भारा बसणार, पिठाचा डबा बसणार. वेल्डिंगच्या दुकानात त्याला जाड सळईचे आधार लागले, त्यावर फोमची गादी आणि रेक्झिन आले, आणि कॅरिअरचे आसन झाले. मागे बसणाऱ्यासाठी पाय ठेवायला दांड्या जोडल्या. लुगडे किंवा साडी नेसलेली बाई मागे एका अंगाला बसते, तेव्हा पदर वा निऱ्या चाकात अडकून भयंकर अपघात होतात. त्यावर उपाय म्हणून मागच्या चाकाच्या अंगाला जाळी किंवा सळ्यांचा पंखा बसवला गेला, तोच साडी गार्ड. इटलीतल्या आराखडेकारांच्या मनात हा प्रश्न येण्याचे कारणच नव्हते. इथे तो जिवावरचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर आधी फिटरच्या बाकड्यावर तयार झाले. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवण्याची सोय आणि मागचे चाक निदान अर्धे झाकणारे आवरण सक्तीचे केले. आज बहुतेक भारतीय मोटारसायकलींवर असणारा साडी गार्ड जगातल्या बहुतेक देशांच्या दुचाक्यांवर नसतो.

दुधाचा भाग तर स्वतंत्र प्रकरण होईल इतका मोठा. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत संकरित गाई आल्या, गावोगाव दूध संस्था उभ्या राहिल्या, संगमनेरसारख्या तालुक्यांत सहकारी दूध संघ वाढले. वाडीवस्तीवरून संस्थेपर्यंत दूध पोचवण्याचे काम सायकलवरून लूनाकडे आले. त्यासाठी मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या आणि आडवे दांडे बसवले गेले, आणि त्यांत कॅन अडकवता येऊ लागले. भार खाली आणि दोन्हीकडे सारखा राहिला तर हलकी गाडी तोल राखते, हे चालवणाऱ्यांना अनुभवाने कळले होते. पुढे पायाजवळची मोकळी जागा आणखी एका कॅनला, पोत्याला किंवा गॅसच्या टाकीला उपयोगी पडे. खाली वाकलेली चौकट चाओच्या आराखड्यात आली होती ती चढाउतरायला सोपे जावे म्हणून. इथे तिने मालाची जागा दिली.

याखेरीज पुढे जाळीची टोपली, पायांपुढचे लेग गार्ड, हॅण्डलच्या प्लास्टिकच्या मुठी, मडफ्लॅप, दोन पायांचे भक्कम स्टँड, लहान मुलासाठी पुढचे छोटे आसन, पेट्रोलच्या टाकीला कुलूप असा पसारा होता. त्यातले काही डीलर गाडी देतानाच बसवून बिलात धरी, काही शेजारच्या दुकानातून घेतले जाई. सामानाचा मोठा बाजार म्हणजे पुण्याची नाना पेठ. पण लोखंडी काम स्थानिकच राहिले, कारण नगरमध्ये ते करणारे हात होते. १९५० मध्ये लोणीला उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यानंतर जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग लागली, आणि प्रत्येकाबरोबर वर्कशॉप आले. शहराजवळ नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत लार्सन अँड टुब्रो, क्रॉम्प्टन यांसारखे कारखाने आले. फिटर, टर्नर, वेल्डर यांची एक पिढी तिथे तयार झाली आणि त्यांतल्या कित्येकांनी रस्त्याकडेला स्वतःची दुकाने टाकली. लूनावर चढलेल्या सामानाच्या जोडांत ही कारागिरी दिसते.

कारखान्याचे लक्ष या सगळ्याकडे नव्हते असे नाही. दक्षिणेतून १९८० मध्ये टीव्हीएस ५० आली आणि तिने दोघांसाठीची मोपेड म्हणूनच जाहिरात केली. फ्रेंच मोटोबेकानच्या परवान्यावर तिरुपतीला बनणारी सुवेगाही बाजारात होती. कायनेटिकने मग चाओचा आराखडा बाजूला ठेवून स्वतःच्या आवृत्त्या घडवायला घेतल्या. लूना टीएफआर, डबल प्लस, विंग्ज, मॅग्नम, सुपर अशी नावे येत गेली. दोघांचे आसन, जाड कॅरिअर, भक्कम सस्पेन्शन अशा, एकेकाळी बाहेरून चढवाव्या लागणाऱ्या गोष्टी आता कंपनी फिटिंग म्हणून मिळू लागल्या. या आवृत्त्या घडवण्यात हस्तीमल यांचे पुत्र अरुण फिरोदिया यांचा मोठा वाटा होता. त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. लूना बंद झाली ती २००० नंतर, जेव्हा शंभर सीसीची मोटारसायकल सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आणि प्रदूषणाच्या कडक नियमांपुढे छोटी टू-स्ट्रोक इंजिने टिकेनात.

जुन्या लूना हौसेने दुरुस्त करून जपणारे आता दिसतात. त्यांतले बरेच जण पहिले काम करतात ते बाहेरचे सगळे सामान काढून टाकण्याचे. गाडी 'ओरिजिनल' करायची म्हणून वेल्ड केलेला कॅरिअर कापला जातो, दुधाच्या कड्या उतरवल्या जातात, हाताने केलेला साडी गार्ड भंगारात जातो. हे वाईट आहे. फेरारीच्या बाबतीत विक्रेत्याने बसवलेल्या रेडिओचीही नोंद ठेवली जाते, आणि इथे त्या वाहनाचा सारा संसार सांगणारे लोखंड फेकून दिले जाते. १९७२ च्या आराखड्याबरहुकूम उजळलेली लूना दिसायला सुंदर असते, पण ती पियाजिओची चाओ राहते. नगरची लूना ती कड्या आणि कॅरिअर असलेली.

सामान बसवण्याच्या या मोकळिकीला कायद्याची एक बाजूही आहे, आणि तिथे नगर पुन्हा येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमाप्रमाणे कोणत्याही नव्या वाहनाच्या नमुन्याची सरकारमान्य संस्थेकडून चाचणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या संस्थांच्या यादीत पुण्याच्या एआरएआयबरोबर नगरची व्हीआरडीई, म्हणजे संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था, आहे. कारखान्याने दिलेल्या वस्तू या चाचणीतून गेलेल्या असतात. डीलर आणि गॅरेजचे सामान तसे जात नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करायला मनाई केली आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ अधिक काटेकोर केला. कारखान्याच्या मूळ घडणीत बदल झालेले वाहन नोंदवता येणार नाही, असे त्यात आले. मोटारींच्या पुढच्या जाड क्रॅश गार्डवर केंद्र सरकारने त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये बंदी घातलेली होती. वेल्डरने लावलेली दुधाची कडी आणि शोरूममधला क्रॅश गार्ड कायद्याच्या एकाच चौकटीत येऊन पडले. सुरक्षेच्या दृष्टीने बंदीला कारण आहे. मात्र ज्या सोयी कारखान्याने दिल्या नाहीत म्हणून बाहेर घडल्या, त्यांचे पुढे काय, याचा विचार नियमांत फारसा झालेला नाही.

इटलीशी कायनेटिकचे नाते लूनापाशी थांबले नाही. १९८४ मध्ये होंडाबरोबर भागीदारी झाली आणि बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आली. होंडा १९९८ मध्ये बाहेर पडली. त्यानंतर कायनेटिकने इटलीच्या इटालजेट कंपनीकडून स्कूटरचे आराखडे घेतले. त्यांतल्या मिलेनियमवर बेतलेली १६५ सीसीची ब्लेझ २००६ मध्ये भारतात आली. दिसायला आणि चालायला ती खरोखर स्पोर्ट्स जातीची होती, पण किंमत आणि पेट्रोलचा हिशेब पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला ती पटली नाही. २००८ मध्ये कायनेटिकचा स्कूटर व्यवसाय महिंद्राकडे गेला.

त्यानंतर नगरमध्ये एक अनपेक्षित गोष्ट घडली. कायनेटिक गटाने २०१६ मध्ये एमव्ही अगुस्ता ही इटालियन शर्यतींच्या परंपरेतली मोटारसायकल भारतात आणली आणि पुढे २०१८ मध्ये मोटोरॉयल या नावाखाली एसडब्ल्यूएम, एफबी मॉन्डियल यांसारख्या इटालियन कंपन्याही जोडून घेतल्या. सुटे भाग आणून जुळणी करण्याचे काम नगरला होऊ लागले. ज्या शहरात लूनाची चौकट घडली तिथेच इटलीतल्या या महागड्या गाड्यांचे खोके उघडले जात होते. एमव्ही अगुस्ताच्या काही खास आवृत्त्यांसोबत शर्यतीच्या मैदानापुरता वापरायचा टायटॅनियमचा सायलेन्सर आणि इंजिन नियंत्रणाचा वेगळा संच लाकडी पेटीत येई. एफ-४ आरसी या मॉडेलची ताकद त्यामुळे २०५ वरून २१२ अश्वशक्तीवर जाई. अबार्थने साठ वर्षांपूर्वी रूढ केलेली पेटीची पद्धत जवळपास तशीच चालू होती. एप्रिल २०२० मध्ये भारत-६ हे उत्सर्जनाचे मानक लागू झाले आणि हा व्यापार आटला.

पियाजिओ स्वतः मात्र शेजारीच येऊन बसली होती. भीमेपलीकडे बारामतीला तिचा कारखाना नव्वदच्या दशकाच्या शेवटी आला आणि आपे ही तीनचाकी श्रीगोंदा, कर्जत, जामखेडच्या गावांत पोचली. नवलमल यांनी चित्रात पाहिलेल्या वाहनाचीच ती पुढची पिढी. आता ते प्रवासी आणि मालवाहू अशा दोन्ही रूपांत कारखान्यातूनच मिळत होते. तरीही वर ताडपत्रीचे छत, बाजूला सळ्या, मागे वाढवलेला हौदा हे काम गावच्या वेल्डरकडेच राहिले. त्याच बारामतीच्या कारखान्यातून २०१२ मध्ये व्हेस्पा पुन्हा भारतात आली, ती मात्र शहरी हौसेची वस्तू म्हणून.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना विजेवर चालणाऱ्या रूपात परतली. नगर-पुणे रस्त्यावर, पारनेर तालुक्यातल्या सुपा औद्योगिक वसाहतीत कायनेटिक ग्रीन ही कंपनी ती बनवते, आणि कंपनीच्या प्रमुख सुलज्जा फिरोदिया मोटवानी या हस्तीमल यांच्या नात आहेत. ई-लूनाची सुरुवातीची किंमत ६९,९९० रुपये ठेवली गेली. एका चार्जिंगमध्ये ११० किलोमीटरपर्यंत पल्ला आणि ताशी ५० किलोमीटर वेग कंपनीने सांगितला. पण तिच्या घडणीतला लक्षात घेण्याजोगा भाग दुसराच आहे. मागचे आसन काढता-घालता येते, ते काढले की मालासाठी सपाट जागा मिळते, पुढे पायाजवळ मोकळी जागा राखली आहे, आणि भार वाहण्याची क्षमता १५० किलो आहे. साडी गार्ड, मागची पकड, पायांच्या दांड्या हे सगळे कंपनी फिटिंगमध्येच येते.